मुक्कामी गाडी

आमच्या घरातली माणसं कुठंही निघाली, लग्नाला म्हणा नाहीतर दवाखान्यात, गाडीची दारं लागली की मागून कोणीतरी ओरडतंच, "डबल!" आणि मगच गाडी हलते. माझ्या बायकोला लग्नानंतर बरेच दिवस हे काय प्रकरण आहे ते कळत नव्हतं. डबल म्हणजे डबल बेल. एसटीत कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की सुटते. आमचे आबा एसटीत कंडक्टर होते, १९७१ ते २००४, नारायणगाव डेपो.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. २०२३ च्या अधिक श्रावणात गेले, सत्त्याहत्तर वर्षांचे होते. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतोय आणि दरवेळी दोन ओळी लिहून फोन खाली ठेवतोय. पण मागच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा आईने माळा साफ करताना त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली, त्यात काय होतं ते पुढं सांगतो, पण ते वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये, म्हणून आज बसलोच. मोठं होणार आहे हे लिखाण, सवडीने वाचा.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, कल्याणकडून माळशेज घाट चढून वर आलं की खुबी, करंजाळे, मढ असा जो पट्टा लागतो त्या बाजूला. समोर हरिश्चंद्रगडाची भिंत आणि मधे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. आमचं जुनं घर आणि नदीकाठची चांगली काळी जमीन त्या पाण्यात गेली, आता आहे ती वरची मुरमाड. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की जुनी जमीन हळूहळू उघडी पडते, भेगाळलेली, मधेच विहिरीचं कडं दिसतं, आणि जसं पाणी मागं हटेल तशी लोक त्या गाळात गाळपेर करतात. मे महिन्यात आम्ही सगळी नातवंडं सुट्टीला जमलो की आबा आम्हाला तिथं घेऊन जायचे आणि त्या मोकळ्या गाळात उभं राहून घर दाखवायचे, म्हणजे नसलेलं घर. "हितं ओटा. हितं गोठा. ह्या दगडावर तुझा बाप पडला हुता, हनुवटीला टाके पडल्यात बघ." आणि आम्ही सगळे वळून माझ्या वडिलांच्या हनुवटीकडे बघायचो. त्यांच्या आवाजात मला कधी रडगाणं ऐकू आलं नाही. दाखवून झालं की लगेच पाण्याकडे बोट, "ते बघा, लाल पायाचं बगळं." ते रोहित पक्षी होते हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं.

आता मुक्कामी गाडीचं सांगतो, कारण आबांचं सगळं डोंगराचं वेड तिथून आलं असं माझं मत आहे. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी जुन्नरहून निघायची, टोकाच्या गावाला जाऊन रात्री तिथंच उभी राहायची आणि पहाटे पहिली फेरी म्हणून माघारी यायची, दुधाची कॅनं, शाळेची पोरं, हिरड्याची पोती असं सगळं घेऊन. घाटघर, आंबे-हातवीज असली गावं, जिथं रस्ताच संपतो आणि थोडं पुढं गेलं की खाली थेट कोकण. बाकीचे कंडक्टर ही ड्यूटी टाळायचे आणि ते साहजिकच आहे, घर सोडून रात्र काढायची, डास, थंडी, पावसात गळती गाडी, जेवण कोणी दिलं तर दिलं. आबा मागून घ्यायचे. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर वळकटी टाकून झोपायचा आणि आबा शाळेच्या पडवीत नाहीतर कोणाच्या ओट्यावर, गावातली माणसं नाचणीची भाकर आणि कालवण आणून द्यायची, आणि रात्री गप्पा. कोणत्या झाडाला काय म्हणतात, कोणती वाट कुठं उतरते, पाणी कुठं टिकतं, चाईचा मोहर कधी खुडायचा, भारंगीची भाजी कशी करायची, हे सगळं त्यांनी त्या ओट्यांवर बसून ऐकलं. शिक्षण सातवी. पण घाटघरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाबाला जेवढी झुडपं ओळखता येतात तेवढी त्यांना यायची.

आणि मग पहाटे चारला उठायचं, हातात बॅटरी, आणि गाडी सुटायच्या आत डोंगरावर जाऊन यायचं. जीवधन किल्ल्याच्या पायथ्याला, नाणेघाटाच्या तोंडाशी, हातवीजच्या बाजूला कड्यापर्यंत. अंग घामाने भिजलेलं असायचं पण गाडी कधी एक मिनिट लेट सुटली नाही, हे ते छाती पुढं काढून सांगायचे.

आजीला हे अजिबात आवडायचं नाही सुरुवातीला. तीन लेकरं पदरात, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि नवरा आठवड्यातल्या तीन रात्री डोंगरात. एकदा खूप भांडण झालं म्हणे, आत्या सांगते, आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. आजी म्हणाली तुम्हाला घर नको झालंय. आबा गप्प बसले, जेवले, आणि पुढच्या रजेच्या दिवशी सगळ्यांना पहाटे उठवलं, पासवर एसटीत बसवलं आणि घाटघरला नेलं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास मिळायचा ना, तोच. नाणेघाटाच्या कड्यावर आजीला बसवलं, तिला खालचं कोकण दाखवलं आणि म्हणाले, "एकट्यानं बघितलेलं मला पचत न्हाई गं. मी हितं येतो तो तुमाला कुठं बसवायचं ते बघाय."

हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की ते खरंच असंच्या असं म्हणाले का आत्याने त्यात भर घातली माहीत नाही. पण वागले मात्र जन्मभर तसेच. मुक्कामाला गेल्यावर जे जे चांगलं दिसेल ते ते घरच्यांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. लगेच आणता येण्यासारखं असेल तर पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं, करटुली, कधी मोरपीस. आणता येण्यासारखं नसेल तर आम्हालाच तिकडं न्यायचं. करवी फुलली, चला. करवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो आणि मग ती झाडं वाळून जातात, ज्यांच्या काठ्यांनी पूर्वी आमच्याकडे कुडाच्या भिंती बांधायचे. तर ती फुललीये म्हटल्यावर माझी सहामाही परीक्षा चालू असताना आबा शाळेत येऊन बाईंना सांगून मला घेऊन गेले, पेपर दुपारचा होता, वेळेत आणूनही सोडलं, माझ्या वहीवर जांभळ्या पाकळ्या पडल्या होत्या.

नाणेघाटाबद्दल जरा जास्त लिहितो कारण ती त्यांची सगळ्यात आवडती जागा. बरेच जण पावसाळ्यात धबधबा बघायला जातात, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर फोटो काढतात आणि परत येतात, पण घाटाच्या वाटेने थोडं खाली उतरलं की जी गुहा आहे तिथं थांबत नाहीत. त्या गुहेच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यात दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दिली याची जंत्री आहे त्यात, आणि ते आकडे खुणांनी कोरलेत, आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी ते आहेत. एकदा पुण्याचे कोणी एक सर आबांच्या गाडीला होते, मुक्कामाला थांबले, त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे आबांना सोबत नेऊन बॅटरीच्या उजेडात हे सगळं समजावून सांगितलं. आबांनी ते आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि तो कागद बरीच वर्षं त्यांच्या खिशात होता. आम्हाला सांगायचे, "ह्यो वेबिल हाय बघा राणीचा. पै न पैचा हिशोब." वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद. वरती घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, ज्यात म्हणे जकातीची नाणी टाकायचे, त्याला हात लावून ते दरवेळी कपाळाला लावायचे. पैसे मोजणाऱ्या माणसाचं ते दैवत असावं.

पण त्यांचं खरं लक्ष मागच्या भिंतीवर. तिथं पूर्वी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या एका रांगेत. आता मूर्ती नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात कुठं कुठं, आणि वर प्रत्येकाचं नाव. सिमुक सातवाहन, मग देवी नायनिका, म्हणजे तीच नागनिका, आणि राजा सातकर्णी, मग एक कुमार, मग एक महारठी, मग अजून दोन कुमार. आबा आम्हाला तिथं उभं करून सांगायचे, "ह्यो फॅमिली फोटो हाय. ह्यो थोरला, ही नवरा-बायको, ही पोरं. आणि ह्यो मधला कोण सांगा? ह्यो राणीचा बाप. सासऱ्याला सुद्धा घेतलाय फोटोत, बरं का." महारठी म्हणजे नागनिकेचे वडील असावेत असं अभ्यासक मानतात, ते त्या सरांनी सांगितलेलं असणार.

तर एकदा आजी शेजारी उभी होती, ती पटकन म्हणाली, "मग माझ्या बापाला कवा आणलंत हितं?"

मी नऊ वर्षांचा होतो, मला तो क्षण अजून दिसतो, आबा एकदम गप्पच झाले. आणि पुढच्या आठवड्यात खरंच गेले, आजीच्या माहेरी, तिचे वडील तेव्हा ऐंशीच्या पुढचे, डोळ्याला कमी दिसायचं, त्यांना धोतर-टोपी घालून, एसटीच्या पुढच्या सीटवर बसवून घाटघरला आणलं. वरून गुहेपर्यंतची दगडांची उतरण आबांनी त्यांना पाठुंगळी घेऊन उतरवली. स्वतः तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. पणजोबांना ती अक्षरं दिसली नसणार, त्यांनी भिंतीवर हात फिरवला फक्त, आणि आजी बाजूला पदर तोंडाला लावून उभी. मग बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी तिथंच बसून मासवडी आणि बाजरीची भाकर खाल्ली. मासवडी आजीच्या हातची. जुन्नरकडच्या माणसाला मासवडीचं वेगळं सांगायला नको, आणि बाकीच्यांनी कधी खाल्ली नसेल तर या, आई करून घालेल.

निघताना मोजणी. हा दुसरा त्यांचा नेम. कुठूनही निघायचं म्हटलं की आबा प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोजायचे, एक, दोन, तीन, चार, मोठ्या माणसांना पण, माझ्या काकांना नोकरी लागली तरी त्यांच्या डोक्याला बोट. जाताना एकदा, येताना एकदा. आकडा जुळला की "डबल". कंडक्टरची सवय म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

फक्त एकदा आकडा चुकला. खिरेश्वरवरून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, अकरा जण होतो, मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतलं ते गार पाणी आणि त्यातली प्रचंड पिंड, कोकणकडा, सगळं बघून उतरत होतो. मी करवंदाच्या जाळीत घुसलो आणि मागं राहिलो. मला वाटलं सगळे इथंच आहेत. खाऊन बाहेर आलो तर कोणी नाही. हाक मारली तर आवाज फक्त माझाच परत आला. अकरा-बारा वर्षांचा होतो म्हणजे फार लहान पण नाही, पण त्या खिंडीत वाघबारस साजरी करतात त्या देवाचा दगड आहे, वाघ कोरलेला, तो आठवला आणि पायातलं बळच गेलं. तिथंच खाली बसलो. किती वेळ गेला असेल, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग दगड घसरल्याचा आवाज आला, वरून नाही, खालून. आबा चढून येत होते, जवळजवळ पळत. मला वाटलं आता मुस्काटात बसणार. ते आले, माझ्या डोक्याला बोट लावलं, "अकरा," म्हणाले, आणि माझ्याशेजारी बसले. धाप लागली होती. मग जाळीतलं एक करवंद तोडलं आणि मला विचारलं, "कोंबडा का कोंबडी?"

तो खेळ माहीत असेलच, करवंद फोडायचं आणि आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मी कोंबडा म्हणालो. त्यांना ते करवंद फोडता येईना. बोटं थरथरत होती त्यांची. मग मीच फोडलं. कोंबडाच होता.

पावसाळ्यात माळशेजला त्यांची कल्याणची ड्यूटी असली की आजी देवापुढे दिवा लावून बसायची, कारण धुकं एवढं असतं की ड्रायव्हरला बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि दरडी. अशा वेळी आबा खाली उतरून शिट्टी वाजवत गाडीच्या पुढं चालायचे, एक वळण, दोन वळणं, अंगावर धबधब्याचं पाणी. आम्ही मोठे झाल्यावर विचारलं भीती नाही वाटायची का, तर म्हणाले घाटात तो शीळवाला असतो ना सोबतीला. शीळकरी कस्तूर म्हणतात त्या पक्ष्याला, काळा-निळा, पावसाळ्यात ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालतो. गाडीतले साठ जीव मागं आणि हा माणूस दरीच्या कडेला पक्षी ऐकत चाललाय, असं चित्र माझ्या डोळ्यापुढं येतं.

आजी २०१५ ला गेली, पंधरा दिवसांच्या आजारात. त्यानंतर आबा बाहेर पडायचे, फिरायचे, पण मोजणी बंद झाली. गाडीत सगळे बसले की ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे. आमच्यापैकी कोणाची हिंमत झाली नाही काही म्हणायची, काका नुसतेच गाडी सुरू करायचे. दीडेक वर्ष असंच. मग एका दिवाळीत आम्ही सगळे धरणाच्या कडेला गेलो होतो, परत निघताना आत्याची धाकटी नात, साडेतीन-चार वर्षांची, गाडीतून खाली उतरली आणि चढेचना. का तर म्हणे, "पणजोबांनी मला मोजलंच नाही." तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे, बहुतेक तिच्या आजीनेच, म्हणजे आमच्या आत्याने. आबा खाली उतरले. तिच्या डोक्याला बोट लावलं. एक. मग बाकीच्यांच्या. नऊ झाल्यावर थांबले, आणि थोडा वेळ नुसतेच थांबले, आणि मग हळू आवाजात "डबल" म्हणाले. माझे वडील गाडी चालवत होते, पुढच्या खुबी फाट्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

पुढं पुढं त्यांचं फिरणं घराभोवतीच राहिलं. आमच्या तालुक्यात आता उसामुळे बिबटे घराच्या दारापर्यंत येतात, धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि त्यात बिबट्याला लपायला जागा झाली. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र सुद्धा आहे. अंधार पडला की कोणी एकटं बाहेर पडत नाही, पडलं तर काठी, बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी. आबांना आम्ही सगळ्यांनी मिळून बजावलं होतं की रात्री ओटा सोडायचा नाही. ते हो म्हणायचे. ऐकायचे नाहीत.

आता त्या पेटीचं. ती त्यांची तिकिटांची पेटी, पत्र्याची, कोपरे चेपलेले. आत तिकिटं पंच करायचा चिमटा, एक शिट्टी, आणि डायऱ्या. कुठली खतांच्या दुकानाची, कुठली पतसंस्थेची, फुकट मिळालेल्या. एकूण सव्वीस. आबा डायरी लिहायचे हे आम्हाला माहीत होतं पण आम्हाला वाटायचं हिशोब असेल, दूध, मजुरी वगैरे. तसा हिशोब आहेही. पण रोज एक-दोन ओळी वेगळ्या आहेत, आणि त्या सगळ्या एकाच साच्यातल्या. काही इथं देतो, शुद्धलेखन फक्त सरळ केलंय.

"मुक्काम घाटघर. पावशा बोलला आज. थोरल्याला ताप आहे, परवा रजा टाकणे."

"माळशेज दरड, ४ तास खोळंबा. गाडीत बाळंतीण होती, चहा मिळवून दिला. शीळवाला दोन."

"हातवीज. सीतेचा अशोक फुलला आहे. दाखवायचा."

हे "दाखवायचा", "दाखवायचे", "दाखवायची" जागोजागी आहे. आणि त्याच्यापुढं नंतर दुसऱ्या पेनाने बरोबरची खूण केलेली, कधी दोन दिवसांनी, कधी दोन वर्षांनी, आणि कोणाला दाखवलं ते. "हिला." "पोरांना." "सगळ्यांना." १९९९ च्या डायरीत "सासरेबुवांना" असं लिहून खूण आहे आणि खाली रेघ मारली आहे, दोनदा. माझ्या वडिलांनी चष्मा लावून ते पान वाचलं आणि उठून बाहेर गेले.

त्याच वर्षीच्या जूनमधे एक नोंद माझी पण आहे. "काजवे जांभळीवर. पोरांना उठवून दाखवले." ते मला लख्ख आठवतंय. पाऊस सुरू व्हायच्या आधीचे ते आठ-पंधरा दिवस, आमच्याकडे काजवे ठरावीक झाडांवर उतरतात, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, अख्खं झाड एकदम उजळतं आणि एकदम विझतं, जणू झाड श्वास घेतंय. आबांनी आम्हा चौघांना मध्यरात्री अंथरुणातून उठवलं, "उठा रं, गाडी सुटायची येळ झाली," आणि आम्ही डोळे चोळत बाहेर आलो तर ती जांभूळ. धाकट्याला तर त्यांनी झोपेतच खांद्यावर टाकून आणलं होतं आणि गालाला हळूहळू थापटत होते, "बघ की, बघ की बाळा." झोपू द्यायचेच नाहीत ते आम्हाला. चंद्राला खळं पडलं, उठवा. टिटवीने अंडी घातली, उठवा. लहानपणी मला त्याचा खूप राग यायचा, मोठेपणी सुट्टीला गावी गेलो की मी मुद्दाम आतल्या खोलीत झोपायचो.

शेवटची डायरी २०२३ ची. अक्षर बरंच वाकडं झालंय. त्या वर्षी पाऊस लांबला होता, आठवत असेल, जून जवळजवळ सगळा कोरडा गेला. मी एका शुक्रवारी पुण्यातून काम उरकून रात्री साडेदहाला गावी पोचलो, आठवडाभर रोज रात्री एक-दोनपर्यंत कॉल चालू होते, जेवलो न जेवलो आणि आतल्या खोलीत जाऊन पडलो. आबा ओट्यावर होते, "आलास का," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या छातीत पाणी झालं, मग दवाखाने, नारायणगाव, पुणे, आणि त्यात दीड महिना गेला. त्यामुळे डायरीची शेवटची बरीच पानं कोरी आहेत.

त्या शुक्रवारचं पान असं आहे.

"९ जून. मृग लागला, पाऊस नाही. काजवे आले उंबरावर, खूप. नातू पुण्याहून आला आहे, दमला आहे फार. दोनदा आत जाऊन आलो. उठवला नाही. उद्या दाखवायचे."

पुढं खूण नाही. मी शनिवारी दुपारी जेवून लगेच निघालो होतो.